मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना आणि विश्वासणारा

शास्त्रपाठ : स्तोत्र ३८ व ८८, मार्क १५:२१-३७, उत्पत्ति ३२:२२-३२

पाठीच्या कण्यावरील शस्त्रक्रिया आता दुर्मीळ राहिलेली नाही. कोणाची सरकलेली चकती काढलेली असते, तर कोणाच्या मणक्यांत स्क्रू व सळया बसविलेल्या असतात. शस्त्रक्रियेपूर्वी मंडळी प्रार्थना करते, पाळकसाहेब रुग्णालयाच्या बाकावर नातेवाइकांबरोबर बसून राहतात, आणि शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले की सर्वजण देवाचे उपकार मानून घरी जातात. रुग्णाचा कठीण काळ मात्र त्यानंतर सुरू होतो. पहिले तीन दिवस, पहिले सहा आठवडे आणि काहींच्या बाबतीत त्यापुढील कित्येक महिने, या काळातील वेदनांविषयी आपल्या व्यासपीठांवरून फारसे बोलले जात नाही.

विश्वासणाऱ्या रुग्णावर तर दुहेरी भार असतो. वेदना बोलून दाखविली तर ती कुरकुर ठरेल आणि औषध मागितले तर तो विश्वासाचा दुबळेपणा ठरेल, असे त्याला वाटते. परिचारिकेने विचारले की तो "बरे आहे" म्हणतो, आणि ती गेल्यावर दात आवळून पडून राहतो. यात त्याचे खरोखर नुकसान होते. वेदनेने जखडलेला मनुष्य खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कुशीवर वळत नाही, उठून चालत नाही. त्यामुळे छातीत कफ साचतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा संभव वाढतो, स्नायू अधिक आखडतात, आणि ज्या वेदनेला तो मुकाट्याने तोंड देत होता तीच बळावते. आपली वेदना सांगणे, तिच्यावर वेळेवर औषध घेणे आणि दुखत असतानाही सांगितलेली हालचाल करणे, या तिन्ही गोष्टींना पवित्र शास्त्राची हरकत नाही. उलट त्यांना शास्त्रातून आधारच मिळतो. तो कसा, हे या लेखात पाहावयाचे आहे. प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही. औषधाचे प्रमाण व हालचालींची मर्यादा ज्याच्या त्याच्या शल्यचिकित्सकानेच ठरवावयाची असते, हे वाचकांनी सर्वत्र गृहीत धरावे.

वेदना कोठून येते

कमरेच्या भागात पाच मणके असतात. त्यांपैकी चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील चकती आणि पाचव्या मणक्याखालील चकती या दोन ठिकाणी शरीराचा भार सर्वाधिक पडतो, आणि बहुतेक बिघाडही तेथेच होतो. फुगलेली चकती मज्जातंतूच्या मुळावर दाबली गेली की कुल्ल्यापासून मांडी, पोटरी व पावलापर्यंत कळ जाते. तिला आपण सायटिका म्हणतो. शस्त्रक्रियेत चकतीचा दाबणारा भाग काढतात. काहींच्या बाबतीत मणक्याच्या मागील हाडाचा तुकडा काढून मार्ग रुंद करतात, आणि मणके अस्थिर असतील तर ते धातूच्या आधाराने जोडून तेथे नवे हाड भरून येऊ देतात. यांपैकी कोणत्याही कामासाठी पाठीचे जाड स्नायू हाडावरून बाजूला ओढून धरावे लागतात. बाहेरची जखम दोन बोटांची दिसली तरी आत बरेच काही हलविलेले असते.

म्हणून या वेदना एका जातीच्या नसतात. जखमेची ठसठस वेगळी, स्नायूंचे पेटके वेगळे. मज्जातंतूची वेदना तर सर्वांहून निराळी: ती जळजळते, विजेचा झटका बसावा तशी पायातून सळकते, मुंग्या आणते. पुष्कळांची पायातील जुनी कळ शुद्धीवर येताच नाहीशी झालेली असते, आणि चार-सहा दिवसांनी ती थोडी परत येते. रुग्णाच्या पोटात गोळा उठतो. सर्व व्यर्थ गेले असे त्याला वाटते. अनेकदा ती केवळ सुजेमुळे, कित्येक महिने दबून चिडलेल्या मज्जातंतूमुळे आलेली असते व हळूहळू ओसरते. डॉक्टरांना ती सांगावी हे योग्यच, परंतु तिच्यावरून शस्त्रक्रिया फसल्याचा निष्कर्ष काढू नये. पावलाचा बधिरपणा सर्वांत शेवटी जातो. इजा झालेला मज्जातंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर मोजून पाहिले म्हणजे धीर का धरावा लागतो ते कळते.

वेदना जितकी इजा तितकीच असते, असेही नाही. रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल या दोघा संशोधकांनी १९६५ साली असा सिद्धान्त मांडला की मज्जारज्जूत जणू एक दार आहे. खालून येणारे वेदनेचे संदेश या दारातून मेंदूकडे जातात, आणि मेंदूकडून येणारे संदेश ते दार कमीअधिक उघडू अथवा लोटू शकतात. भीती, निद्रानाश व एकाकीपण यांनी ते उघडते. स्पर्श, ऊब, दुसरीकडे गुंतलेले लक्ष व मनाची शांती यांनी ते काहीसे लोटले जाते. पुढील संशोधनाने या चित्रात पुष्कळ भर घातली, तरी मूळ गोष्ट टिकून राहिली आहे. घाबरलेल्या माणसाला अधिक दुखते, आणि ते दुखणे खरे असते. "तुमच्या मनाचे खेळ आहेत" असे त्याला म्हणणाऱ्याला शरीरही समजलेले नाही आणि मनही.

वेदनेचा उपयोगही आहे, आणि याविषयी ख्रिस्ती वाचकांनी डॉ. पॉल ब्रँड यांची आठवण ठेवावी. १९१४ साली आजच्या तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांच्या पोटी त्यांचा जन्म झाला, आणि १९४६ पासून त्यांनी वेल्लोर येथे काम केले. कुष्ठरुग्णांची बोटे झडतात ती रोगाने आपोआप कुजून नव्हे. वेदना जाणवत नसल्यामुळे ते भाजणे, कापणे व घासणे टाळू शकत नाहीत, आणि त्या जखमांनी बोटे जातात, हे त्यांनी दाखवून दिले. वेदना ही देणगी आहे असे ते म्हणत. परंतु तेच ब्रँड आपल्या रुग्णांच्या वेदना शमविण्यासाठी आयुष्यभर झटले, हे सांगावयास आपण विसरतो. त्यांच्या शिकवणीचा आपल्या विषयाशी एक अगदी व्यावहारिक संबंध आहे. शस्त्रक्रियेनंतर ज्याचा पाय बधिर राहिला आहे त्याने त्या पायावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. भाजले तरी त्याला कळणार नाही.

बोळ मिसळलेला द्राक्षारस

वेदनाशामक औषध नाकारणारे विश्वासणारे बहुधा एका शास्त्रभागाचा आधार घेतात. मार्क १५:२३ प्रमाणे वधस्तंभावर खिळण्यापूर्वी प्रभूला बोळ मिसळलेला द्राक्षारस देऊ केला गेला आणि त्याने तो घेतला नाही. ते पेय गुंगी आणून वेदना बोथट करण्यासाठी दिले जात असावे, असे अनेक भाष्यकारांचे मत आहे. मग प्रभूने जे नाकारले ते आपण कसे घ्यावे, असा प्रश्न येतो.

उत्तर शोधताना संपूर्ण वृत्तान्त वाचावा. प्रभू त्या घटकेस एक कार्य करीत होता, जे दुसऱ्या कोणी करावयाचे नव्हते. जगाच्या पापाचा भार वाहणाऱ्याने शुद्धीवर राहून तो वाहिला. आपल्या कमरेच्या दुखण्याने कोणाचेही पाप फिटत नाही, आणि ते फिटते असे मनात आणणे म्हणजे वधस्तंभाला अपुरे लेखणे होय. शिवाय त्याच वधस्तंभावर, सर्व पूर्ण झाल्याचे जाणून, प्रभूने आपल्याला तहान लागल्याचे सांगितले व आंबेने भरलेला स्पंज ओठांशी येताच ती घेतली, असे योहान १९:२८-३० मध्ये लिहिले आहे. आपली शारीरिक गरज त्याने लपविली नाही. गेथशेमानेत आपल्या जिवाची व्याकुळता त्याने तिघा शिष्यांना उघड सांगितली व त्यांना जागे राहावयास विनविले. इब्री लोकांस पत्राचा कर्ता (५:७) त्याच्या मोठ्या आक्रोशाचा व अश्रूंचा उल्लेख करतो, आणि तो त्याच्या भक्तीचा भाग म्हणून करतो.

उपचाराविषयी शास्त्र कोठेही संकोचलेले नाही. हिज्कीयाला देवाने आयुष्याची पंधरा वर्षे वाढवून देण्याचे वचन दिले, आणि त्याच प्रसंगी यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावावयास सांगितले (यशया ३८:२१). चांगल्या शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सुचविले. नीतिसूत्रे ३१:६ मध्ये तर मरणोन्मुख व दुःखग्रस्त माणसास मद्य द्यावे असा राजमातेचा उपदेश आहे. याचा अर्थ आज वेदनेवर दारू प्यावी असा मुळीच नाही. वेदनाशामक गोळ्यांबरोबर ती घेणे जिवावर बेतू शकते. परंतु असह्य दुःख हलके करणे ही दया आहे, हे तत्त्व तेथे स्पष्ट दिसते.

हा वाद जुनाच आहे. १८४७ साली एडिंबरोचे डॉ. जेम्स यंग सिम्पसन यांनी प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म वापरण्यास आरंभ केला तेव्हा त्यांनी धार्मिक आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका त्याच वर्षी प्रसिद्ध केली. आदामाची फासळी काढण्यापूर्वी देवाने त्याला गाढ झोप आणली (उत्पत्ति २:२१), याकडे त्यांनी वाचकांचे लक्ष वेधले. पहिल्या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त भूल देऊन सुरू होतो, हे सिम्पसन यांच्यासारख्या डॉक्टराच्याच ध्यानात यावयाचे.

घड्याळ, गोळ्या आणि चालणे

औषधाविषयी सर्वांत मोठी चूक म्हणजे वेदना असह्य होईपर्यंत थांबणे. आग भडकल्यावर ती विझविण्यास अधिक पाणी लागते. पहिल्या दिवसांत डॉक्टर बहुधा दोन-तीन प्रकारची औषधे घड्याळाप्रमाणे देतात, कारण प्रत्येकाचे काम वेगळे असते आणि एकत्र दिल्याने तीव्र औषध कमी पुरते. परिचारिका शून्य ते दहा या मापाने वेदना विचारते तेव्हा प्रामाणिक आकडा सांगावा. आठ असताना तीन सांगणारा बंधू तिची फसवणूक करतो आणि त्याचे औषधही चुकते. घरी आल्यावर वहीत वेळ, गोळी व आकडा लिहून ठेवला तर पुढील भेटीत डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

काही गोष्टी मात्र माहीत असाव्यात. पॅरासिटामॉल साधे औषध वाटते, पण प्रौढाने दिवसात चार ग्रॅमच्या वर ते कधीही घेऊ नये. यकृत दुबळे असल्यास मर्यादा त्याहूनही कमी असते. सर्दीच्या व अंगदुखीच्या अनेक गोळ्यांत ते मिसळलेले असते, म्हणून दुकानातून आणखी काही आणण्यापूर्वी वेष्टन वाचावे. डायक्लोफिनॅक व आयबुप्रोफेन यांच्या जातीची औषधे जठर व मूत्रपिंड यांना त्रास देऊ शकतात, आणि मणके जोडण्याची शस्त्रक्रिया झाली असल्यास काही शल्यचिकित्सक ती टाळतात. मज्जातंतूच्या वेदनेसाठी दिलेल्या गॅबापेंटिन अथवा प्रीगॅबालिन यांनी गरगरते व झोप येते. बरे वाटले म्हणून ती एकदम बंद करू नयेत. ट्रामाडॉलसारख्या अफूवर्गीय औषधांनी मळमळ होते व हटकून बद्धकोष्ठ होते. शौचाला जोर करावा लागला की पाठीतून कळ जाते, आणि मग रुग्ण जेवणच कमी करतो. याऐवजी पहिल्या दिवसापासून पाणी, फळे व डॉक्टरांच्या संमतीने इसबगोल अथवा दुसरे सारक घ्यावे. ही बाब क्षुल्लक वाटेल. ज्याने ती भोगली आहे त्याला वाटणार नाही.

व्यसन लागेल ही भीती सर्वस्वी निराधार नाही, पण ती योग्य जागी ठेवावी. थोड्या दिवसांसाठी, ठरलेल्या प्रमाणात, वेदना असताना घेतलेले औषध आणि मनाचा रितेपणा भरून काढण्यासाठी घेतलेले औषध यांत अंतर आहे. ज्याला पूर्वी दारूचे किंवा अन्य व्यसन होते त्याने ते शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना निःसंकोच सांगावे, गोळ्या पत्नीच्या किंवा वडील मुलाच्या ताब्यात ठेवाव्यात आणि त्या कमी करीत नेण्याचा क्रम लिहून घ्यावा. दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या कोणीही घेऊ नयेत. येथे तंबाखूचाही उल्लेख केला पाहिजे. तंबाखूमुळे जोडलेले हाड भरून येण्यास विलंब होतो, आणि आपल्या पुष्कळ भगिनी ज्या मिश्रीला तंबाखू समजत नाहीत ती तंबाखूच आहे.

आता हालचाल. अंथरुणातून उठताना सरळ उठून बसू नये. गुडघे वाकवून, खांदे व कंबर एकदम, लाकडाचा ओंडका लोटावा तसे कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हातांच्या जोरावर वर यावे. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये आणि उताणे झोपताना गुडघ्यांखाली उशी ठेवली म्हणजे पाठीवरचा ताण हलका होतो. बहुतेकांना शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवितात. ते क्रौर्य वाटते, पण चालणे हाच उपचार आहे. दिवसातून एकदा दूरवर जाण्यापेक्षा पाच-सहा वेळा थोडे चालावे. पहिल्या आठवड्यांत बसणे हे उभे राहण्यापेक्षा जड जाते, म्हणून वीस मिनिटांनी उठावे. चालल्याने थोडे अधिक दुखले व तासाभरात उतरले तर त्यात भिण्यासारखे काही नाही. दुसऱ्या दिवशीही वेदना चढलेलीच राहिली तर आदल्या दिवशी अधिक झाले असे समजून कमी करावे. दुखणे आणि इजा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे फिजिओथेरपिस्ट वारंवार सांगतात.

वाकणे, पिळवटणे व ओझे उचलणे वर्ज्य. पाण्याने भरलेली बादली पंधरा किलोंच्या वर जाते, आणि घरची गृहिणी तिसऱ्याच आठवड्यात ती उचलताना दिसते, कारण "थोडेसेच तर होते." जमिनीवर मांडी घालून बसणे व भारतीय पद्धतीच्या शौचकूपावर उकिडवे बसणे यांसाठी डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत कमोडची खुर्ची वापरावी. ज्यांनी दूरच्या गावी शस्त्रक्रिया करून घेतली आहे त्यांना परतीच्या प्रवासाचा विचार आधीच केला पाहिजे. वेल्लोरहून परतणाऱ्यास काटपाडी स्थानकावर गाडी धरावी लागते. अशा वेळी खालची शायिका आणि चाकांची खुर्ची यांची व्यवस्था करून ठेवावी, आणि गाडीत दर तासाला उठून डब्यात चार पावले टाकावीत.

काही लक्षणे मात्र रात्र असो, रविवार असो, ताबडतोब रुग्णालयात नेण्याजोगी असतात. लघवी अडकणे अथवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या आतील व बैठकीच्या भागात बधिरता येणे, पायातील शक्ती कमी होत जाणे, ताप येऊन जखमेतून पू किंवा पाण्यासारखा स्राव येणे, उठून बसताच वाढणारी तीव्र डोकेदुखी, एका पोटरीस सूज व दुखणे, छातीत कळ वा धाप. यांपैकी काहीही झाल्यास प्रार्थना वाटेत करावी.

रात्र

दिवसा माणसे असतात, आवाज असतात. रात्री दोन वाजता रुग्ण आणि त्याची पाठ एवढीच उरतात. ईयोबाने रात्रीविषयी जे म्हटले आहे (७:३-४, ३०:१७) ते पाठदुखीच्या प्रत्येक रुग्णाने वाचावे. पहाटेची वाट पाहत कुशी बदलणे आणि रात्री हाडांना जणू भोके पडणे, हे वर्णन त्याला परके वाटणार नाही. अडतिसाव्या स्तोत्राचा कर्ता आपल्या कमरेतील दाहाविषयी व वाकून गेलेल्या शरीराविषयी देवाला सांगतो. त्या स्तोत्रात तो आपल्या पापाचीही कबुली देतो. त्यावरून काहीजण असा नियम काढतात की कंबर दुखते तेथे पाप असलेच पाहिजे. योहान ९:३ मध्ये प्रभूने हा नियम जन्मांधाच्या बाबतीत मोडला आहे. रुग्णाने आत्मपरीक्षण करावे, परंतु सरकलेल्या चकतीला न्यायाधीश मानू नये.

अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. पुष्कळ विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही. हेमान एज्राही याने प्रार्थना केली, उत्तर आले नाही, आणि तसेच ते गीत इस्राएलाच्या उपासनेत ठेवले गेले. ज्याला अजून स्तुती करता येत नाही अशा माणसासाठी देवाने आपल्या पुस्तकात जागा ठेवली आहे, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. वेदना तीव्र असताना लांब प्रार्थना होत नाही, अध्याय वाचून होत नाही. अशा वेळी एखादे पाठ असलेले वाक्य श्वासाबरोबर, श्वास आत घेताना अर्धे व सोडताना अर्धे, मनात म्हणावे. श्वास लांबल्याने स्नायू सैल होतात हा शरीराचा लाभ, आणि नाव कोणाचे घेतले हा आत्म्याचा. तेही जमले नाही तर कण्हावे. शब्दांवाचून कण्हणे ही प्रार्थना होऊ शकते, हे रोमकरांस ८:२६ वाचणाऱ्यास सांगावयास नको.

एलीयाची गोष्टही रात्रीसाठी उपयोगी आहे. तो मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा जेवू घातले (१ राजे १९:५-८). शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अकारण रडू येते, सर्व निरर्थक वाटते. भूल, औषधे, अपुरी झोप व कमी जेवण यांचा त्यात मोठा वाटा असतो. हे उदासपण दोन आठवड्यांहून अधिक टिकले अथवा जीव नकोसा वाटू लागला तर डॉक्टरांना सांगावे, आणि जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी सांगावे.

भेटीस येणारे

ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोपर्यंत ते उत्तम भेटकरी होते. मग त्यांनी तोंड उघडले. आपल्याकडे सात मिनिटेही कोणी गप्प बसत नाही. कोणाच्या मेव्हण्याला अशाच शस्त्रक्रियेनंतर चालता आले नाही, कोणता वैद्य बिनशस्त्रक्रियेचा बरा करतो, आणि विश्वास असता तर हे घडलेच नसते, हे सर्व रुग्णाच्या उशाशी सांगितले जाते. देवाने शेवटी त्या मित्रांना दोष दिला आणि ओरडणाऱ्या ईयोबाचे बोलणे योग्य ठरविले (४२:७), हे लक्षात असू द्यावे.

रुग्ण घरी येताच उपकारस्तुतीची सभा ठेवण्याची आपली रीत सुंदर आहे. परंतु जो वीस मिनिटांहून अधिक बसू शकत नाही त्याला दोन तास खुर्चीत बसवून साक्ष द्यावयास लावणे सुंदर नाही. सभा सहा आठवडे पुढे ढकलावी. घाईने सभा घ्यावयाचीच असेल तर रुग्णाने आतल्या खोलीत पडून ऐकावे, आणि साक्षीत "अजून दुखते" म्हणण्याची त्याला मोकळीक असावी. मंडळीला खरोखर मदत करावयाची असेल तर एकाने पाणी भरावे, एकाने मुलांना शाळेत पोहोचवावे, एकाने संध्याकाळी रुग्णाबरोबर अंगणात दहा मिनिटे चालावे. शुश्रूषा करणारी पत्नी किंवा आई पंधरवड्यानंतर स्वतःच आजारी दिसू लागते. मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन व हूर यांनी प्रथम त्याला बसावयास धोंडा दिला आणि मग हात धरले (निर्गम १७:१२). एखाद्या रात्री दुसऱ्या कोणीतरी रुग्णाजवळ जागावे आणि तिला झोपू द्यावे.

वेदना राहिलीच तर

बहुतेकांच्या वेदना आठवड्यांगणिक ओसरतात, आणि चकतीच्या शस्त्रक्रियेनंतर बरेचजण दीड-दोन महिन्यांत हलक्या कामाला लागतात. जोडलेल्या मणक्यांत हाड पक्के होण्यास सहा महिने ते वर्ष लागते. परंतु काहींची वेदना राहते, आणि हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. कधी त्याचे कारण सापडते, कधी सापडत नाही. अशांनी एकामागून एक शस्त्रक्रियांच्या मागे लागण्यापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे, आणि केवळ वेदनेवर उपचार करणारे स्वतंत्र विभाग आता मोठ्या रुग्णालयांत असतात त्यांची चौकशी करावी. तेथे औषधे, इंजेक्शने, व्यायाम व समुपदेशन यांची सांगड घातली जाते. वेदना शून्यावर आणण्यापेक्षा माणूस पुन्हा चालू, झोपू व काम करू लागावा, हे तेथील ध्येय असते.

पौलाने काट्याविषयी तीन वेळा विनंती केली. ती विनंती त्याने केली याला महत्त्व आहे. त्याने पहिल्याच दिवशी काट्याला मिठी मारली नाही. आणि याकोब? यब्बोकच्या काठी त्याच्या जांघेचा सांधा उखळला. त्यामुळे इस्राएल लोक जांघेचा स्नायू खात नाहीत असे उत्पत्ति ३२:३२ मध्ये म्हटले आहे. यहूदी परंपरा तो स्नायू म्हणजे सायटिकाची शीर असे मानते. आशीर्वाद आणि लंगडणे त्याला एकाच रात्री मिळाले. पुढच्याच अध्यायात एसाव त्याला आपल्याबरोबर चलण्यास सांगतो तेव्हा याकोब त्याला पुढे जाऊ देतो व गुरांच्या आणि मुलांच्या चालीने मागून हळूहळू येण्याचे ठरवितो (३३:१४).

उपासनेस पुन्हा येऊ लागलेल्याने भिंतीकडेची किंवा मागची जागा धरावी, म्हणजे उपदेशाच्या मध्येच उभे राहिले तरी कोणाची अडचण होत नाही. वेदीपाशी गुडघे टेकता येत नसतील तर पाळकांना शनिवारीच कळवावे. ते भाकर व प्याला बाकापाशी आणून देतात.